भिंतीपलीकडचा डावा हात

श्टेफा हबुनेक माझ्याकडे पियानो शिकायला आली तेव्हा ती साठी ओलांडून गेली होती. उभा जन्म तिने गिरणीच्या शिवणखात्यात कोटांना बाह्या जोडण्यात घालवला. अख्खं वाराझ्दिन गाव तिला तेता श्टेफा, म्हणजे श्टेफामावशी म्हणतं, म्हणून मीही तेताच म्हणू लागले. नवरा फ्रान्यो आदल्या वर्षी गेला होता. मुलगी मिर्ना लग्न होऊन सीमेपलीकडे, ऑस्ट्रियात ग्राझला. मिर्नाच्या लहानपणी घेतलेला उभा पियानो घरात तसाच पडून होता, त्यावर फुलदाणी आणि फ्रान्योचा फोटो.

"बाई, माझी बोटं लाकडाची झालीत," दारातच ती म्हणाली. "शिकवाल?"

"माझ्याकडे पुस्तकं सगळी लहान मुलांची आहेत, तेता. ससे, फुगे असली चित्रं असतात त्यात."

"मग बरंच झालं. अक्षरं मोठी असतील. फक्त माझा कान धरायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मी गावातल्या संगीतशाळेत मुलांना शिकवते आणि मंगळवारी दुपारी घरी एखाददुसरा मोठा विद्यार्थी घेते. ससे-फुगे तिने महिन्याभरात संपवले. मग मी तिला एक जुना मिनुएट दिला. तीन मात्रांचा दरबारी नाच, कुणी रचला कुणालाच ठाऊक नाही, पण अडीच-तीनशे वर्षं शिकाऊ मुलं त्याच्यावरच हात बसवत आली आहेत. असल्या तुकड्यांची गंमत अशी की डावा हात उजव्याच्या मागे नुसता ताल धरून चालत नाही. दोन्ही हातांना आपापलं गाणं असतं. एक बोलतो, दुसरा उत्तर देतो. म्हणून सगळे शिक्षक शिकवतात तसंच मीही शिकवायचे. आधी उजवा पक्का करा, मग डावा, मग दोन्ही एकत्र.

पहिल्या आठवड्यात तेताचा उजवा हात पट्ट्यांवर असा पडायचा, जणू ती कापडाला इस्त्री करते आहे. मी म्हटलं, "मनगट सैल." ती म्हणाली, "मनगट सैल सोडलं असतं तर गिरणीत बोट शिवून घेतलं असतं मी."

आणि मग ऑक्टोबरच्या मध्यावर एका मंगळवारी ती आली, बसली आणि वाजवलं. माझ्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

सूर एकमेकांना चिकटत नव्हते. प्रत्येक सूर किंचित सुटा, हलका, जुन्या वाद्यावर वाजवायची जी रीत आहे त्या रीतीने. ती रीत आम्हाला झाग्रेबच्या संगीत महाविद्यालयात तिसऱ्या वर्षी शिकवली होती. आणि ओळीच्या शेवटी, शेवटच्या सुराआधी, एक छोटासा खटका. इतका नेमका, की अंगावर काटा आला. तो खटका पानावर छापलेलाच नव्हता.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. येतं आपोआप. घरी बसलं की येतं."

"आपोआप खोकला येतो, तेता. हे येत नाही."

ती हसली, पण नजर चुकवली. मी म्हटलं, छान, आता डावा हात घेऊ. तिने डावा हात मांडीवरून उचललाही नाही.

"डावा कशाला? डावा आहे की."

"कुठे आहे?"

"आहे," ती म्हणाली आणि कोट चढवू लागली.

त्यानंतर दर मंगळवारी हेच. उजवा हात दिवसेंदिवस असा होत चालला होता की मला स्वतःच्या हाताची लाज वाटावी. डाव्याचं नाव काढलं की ती पुस्तक मिटायची. आणि वाजवताना दर ओळीनंतर ती मान जरा डावीकडे कलती करून थांबायची. फोनवर पलीकडचा माणूस बोलत असला की आपण थांबतो ना, तशी.

सर्व संतांच्या दिवशी सगळं गाव स्मशानात असतं. शेवंतीची फुलं, मेणबत्त्या, ओळीने कातरलेल्या उंच हिरव्या कुंपणांमधून हळूहळू चालणारी माणसं. मी आईच्या थडग्यावर दिवा ठेवून परत निघाले तेव्हा फ्रान्योच्या थडग्यापाशी तेता उभी दिसली. प्रार्थना संपवून तिने छातीवर क्रूस काढला. डाव्या हाताने. क्रूस उजव्याने काढतात हे पोरासोरांनाही ठाऊक, आणि ही तर साठ वर्षं रोज चर्चला जाणारी बाई! उजवा हात कोटाशी लोंबत होता आणि त्याची बोटं कोटाच्या कापडावर चालत होती. तीन मात्रा. मी ओळखलं, मिनुएटचा दुसरा भाग.

"तेता, उजव्याला काय झालं?"

ती दचकली. "गारठलाय जरा. परवा कोबी चिरायला घेतली पिंपात आंबत घालायला, तर सुरीच धरेना. मेला, बटण लावत नाही, सुईत दोरा घालत नाही. पियानोवर मात्र बरा असतो."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. तो म्हणतो हात उत्तम आहे, तरुण बाईचा वाटतो."

मला ते ठीक वाटेना. पियानोचे सूर उतरलेत का बघते असं निमित्त काढून त्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेले. बागेमागच्या गल्लीतलं ते पिवळं दुमजली घर, पूर्वी कुणा एकाचं होतं, आता त्यात चार बिऱ्हाडं. बाहेर द्रावा नदीवरून आलेलं धुकं खिडकीला टेकलं होतं. तिने खसखशीचा गुंडाळा कापून ठेवला, कॉफी ओतली. सगळं डाव्या हाताने. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "पाच होत आले. आता ऐका. पण मध्ये बोलू नका हं. तिला आवडत नाही."

"कुणाला?"

तिने वाजवायला घेतलं. फक्त उजवा हात. पहिल्या ओळीचा पहिला सूर निघाला आणि त्याच क्षणी पियानोमागच्या भिंतीतून डावा हात आला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. भिंतीपलीकडे कुणीतरी त्याच तुकड्याचा डाव्या हाताचा भाग वाजवत होतं. जाड भिंतीतून येतो तसा दबलेला, पण स्वच्छ. तेता कुठे थबकली तर तो थबकायचा. तिने लय ओढली तर धरून ठेवायचा. उजव्याने प्रश्न केला की डावा असं उत्तर द्यायचा, जणू दोन म्हाताऱ्या जुन्या मैत्रिणी बोलत बसल्यात. शेवटचा सूर दोघींनी एकदम सोडला.

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. "पलीकडे कोण राहतं?"

"आता कुणी नाही. हर्मिनाबाई राहायच्या. एप्रिलमध्ये गेल्या."

हर्मिना पुस्ट हे नाव मला माहीत होतं. आमच्या आधीच्या पिढीतले गावातले सगळे वाजवणारे तिच्या हाताखालून गेले होते. भयंकर कडक बाई. बोटं सपाट पडली की पेन्सिलीने बोटांच्या पेरांवर फटका. म्हातारपणी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तिने शिकवण्या बंद करून दार लावून घेतलं.

"दर रविवारी सूप नेऊन द्यायचे मी तिला," तेता म्हणाली. "आत घ्यायची नाही. 'ठेवा' म्हणायची, बस. पण भिंतीतून ऐकू यायचं. वर्षानुवर्षं एकट्या डाव्या हाताने वाजवत बसायची. नुसती उत्तरं. मला वाटायचं, प्रश्न कुणी विचारतच नाही बिचारीला."

"तेता, ती बाई मेली आहे."

"मला माहीत आहे हो. शवपेटीवर माती मीच टाकली."

मी खाली जाऊन मियोला गाठलं. मियो म्हणजे त्या घराचा राखणदार, किल्ल्या त्याच्याकडे. "नव्या भाडेकरूसाठी जागा बघायची आहे," मी खोटंच सांगितलं. तो धापा टाकत जिना चढला.

"बघा की. फुकट आहे बघणं. भुतंबितं नाहीत, फक्त ओल आहे."

खोल्या रिकाम्या होत्या. पियानो भाच्याने केव्हाच झाग्रेबला नेला होता. लाकडी जमिनीवर त्याच्या पायांचे खळगे उरले होते आणि भिंतीवर तेवढा चौकोन कमी मळलेला. मी आधीच तेताला सांगून ठेवलं होतं, मी पलीकडे गेले की वाजवा. तिने सुरू केलं.

भिंतीतून उजवा हात आला. आणि त्याच्यासोबत डावाही. दोन्ही तेताच्याच बाजूने. माझ्या खोलीत काही नव्हतं, ओलीचा वास आणि मियोचा दमा, बस.

"छान वाजवते हो म्हातारी," मियो म्हणाला. "दोन्ही हातांनी. आमची सून पाच वर्षं शिकली, अजून बदकासारखी वाजवते."

मी धावत अलीकडे आले. तेताचा डावा हात तिच्या मांडीवर होता, त्यात रुमाल. तिचा चेहरा फुलला होता.

"ऐकलंत ना? आज तुमच्या बाजूने किती स्पष्ट येत होतं!"

मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. नोव्हेंबरात दगडी पायरीवर हात ठेवावा तसा लागला. तेताच्या हाताला बोटांच्या टोकांना सुईचे जुने घट्टे होते, मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. ते घट्टे गेले होते.

"तेता, उद्यापासून डावा हात शिकायचा. तुमचा स्वतःचा. तिचं वाजवणं बंद."

"का?"

"कारण तिचा डावा होताच. तिला उजवा हवाय."

ती म्हणाली, "ल्येर्काबाई, तुम्ही तरुण आहात. फ्रान्यो गेल्यापासून माझ्या दाराची घंटा फक्त टपालवाला वाजवतो. पाच वाजता कुणीतरी माझी वाट बघतं. हात काय, हात मला कशाला हवाय आता? कोट शिवायचेत का?"

दोन मंगळवार ती फिरकली नाही. मी फोन केला तर म्हणाली, सर्दी आहे.

डिसेंबरात, भलत्याच वारी, सकाळी सकाळी दारावर थाप पडली. तेता. डोक्याला रुमाल नाही, कोटाची बटणं उघडी, आणि उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी असा पकडलेला, जणू कुणाच्या घरचं कुत्रं गळ्याला धरून आणलंय.

"मी नाही मारलं," ती म्हणाली. "देवाशपथ मी नाही मारलं, बाई."

तिला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू कळलं. मिर्ना मुलीला घेऊन ग्राझहून आली होती. नेवा, चार वर्षांची. तेताचा जीव की प्राण. पोरगी पियानोवर चढून बसली आणि मुलं बडवतात तसं सपाट पंजाने पट्ट्या बडवू लागली. तेता शेजारी बसून हसत होती. हसता हसताच तिच्या उजव्या हाताने फुलदाणीशेजारची पेन्सिल उचलली आणि पोरीच्या बोटांवर फटका मारला. एकदा नाही. बोटं गोल होईपर्यंत.

"मिर्ना ओरडली, 'आई, तुला वेड लागलं का?' मी काय सांगू तिला? मी अजून हसतच होते हो, माझं तोंड हसत होतं आणि तो मारत होता. मिर्नाने मुलीला उचललं, कालच परत गेली. मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. फ्रान्यो पिऊन यायचा तेव्हासुद्धा नाही."

उजवा हात टेबलावर पडला होता. बोटं सुंदर गोल, एक मधलं बोट किंचित उचललेलं, सुरुवातीची वाट बघत असलेलं. मी त्यावर टॉवेल टाकला. बघवेना.

"शिकवा मला डावा," तेता म्हणाली.

तो हात तिचाच होता, म्हणजे ओबडधोबड. त्याला काही येत नव्हतं आणि ते बघून मला इतकं बरं वाटलं! रोज सकाळी ती माझ्याकडे यायची, उजवा हात कोटाच्या खिशात घालून खिसा पिनेने बंद करायचा, आणि डाव्याने सूर शोधत बसायचं. खिशात हालचाल व्हायची. आम्ही दोघी तिकडे बघायचो नाही. नाताळ आला नि गेला. मिर्नाचा फोन आला नाही.

जानेवारीत मी म्हटलं, आता तुमच्या घरी. पाच वाजता.

तेताने पिन काढली. उजवा हात पट्ट्यांवर जाऊन आपला आपण बसला. तिने सुरुवात केली, दोन्ही हातांनी, आणि भिंतीतून तोही आला. आता डावे दोन झाले, एक तेताचा, अडखळता, आणि एक भिंतीतला, पाण्यासारखा. उजवा अर्थातच भिंतीबरोबर गेला. तेताचा डावा मागे पडला, सूर सुटले, तिच्या कपाळावर घाम आला. भिंतीतली लय वाढली. मुद्दाम वाढवलेली, मला कळत होतं, चढावर लहान मुलाचा हात ओढावा तशी.

"जमत नाही," ती पुटपुटली. "ती पुढे जाते."

"उजव्याकडे बघू नका. डाव्याचं गाणं गा. तोंडाने गा, मोठ्याने!"

"मला गाता येत नाही."

"मग गिरणीत गायचात तसं गा!"

आणि तेता गाऊ लागली. जाड, फाटक्या आवाजात, अर्धा सूर खाली, ला ला करत, शिवणयंत्रांच्या आवाजावर चढवायची सवय असलेला तो आवाज. खिडकीची काच थरथरली. भिंतीतला हात तिच्या आवाजाखाली बुडाला. तिचा डावा तिच्या आवाजाला धरून चालू लागला, हळू, अगदी हळू. उजवा पुढे धावला, एकटा पडला, थांबला, परत आला. आणि चुकला. गचकन एक भलताच सूर लागला.

इतक्या वर्षांत कुणाच्या चुकीने मला असा आनंद झाला नव्हता.

भिंतीतलं वाजणं ओळीच्या मध्येच तुटलं. क्षणभर शांतता. मग त्याच जागेवरून टकटक सुरू झाली, कोरडी, लाकडावर पेन्सिल आपटावी तशी. एक दोन तीन. एक दोन तीन. तेताचा चेहरा पांढरा पडला. बोटं आखडली. मला वाटलं, संपलं.

तिने मान वर केली आणि भिंतीकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "नाही हो, हर्मिनाबाई. पुरे झालं. पोरीला मारायला नको होतं तुम्ही. मी आता माझी माझी चुकत वाजवणार. तुम्ही जा. खूप वाजवलंत, आता पडा जरा."

आणि तिने शेवटपर्यंत वाजवलं. टकटक काही वेळ लयीत राहिली. तेता लयीत नव्हतीच, कधी लांबवायची, कधी गाळायची, त्यामुळे ती टकटक भरकटली, एकदा इकडे, एकदा तिकडे, जिन्यात पत्ता चुकलेल्या माणसाच्या पावलांसारखी. मग ऐकू येईनाशी झाली. नेमकी कधी थांबली, आम्हा दोघींनाही सांगता आलं नाही.

मग तेता ओरडलीच. हातात रक्त परत येत होतं, मुंग्या, कळा, सगळं एकदम. मी तो हात चोळत बसले. कढत होता.

मला वाटलं होतं ती माझे आभार मानेल. ती रडली आणि मग माझ्यावर चिडली. तिचं वाजवणं आता कुणाही नवशिक्या बाईचं होतं, मनगट ताठ, सूर एकमेकांना चिकटलेले. खटका गेला तो गेलाच. मी कितीदा दाखवला, तिला जमला नाही.

"तुमचं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही," एका मंगळवारी ती म्हणाली. "पण पाच वाजले की घर खायला उठतं. तुम्हाला काय कळायचं!"

"तेता, त्या हाताने तुम्ही नेवाला..."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याशी बोलतेय अजून."

मिर्नाला तिने काय सांगितलं मला माहीत नाही. बहुतेक गोळ्यांचं काहीतरी. ईस्टरला मुलगी-नात आल्या. नेवा पहिले दोन दिवस आजीच्या उजव्या बाजूला बसायची नाही. तेताने तिला जबरदस्ती केली नाही. पिठाचे गोळे मळताना तिला पीठ दिलं, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी आपणहून उजवीकडे आली.

मी आता कुणालाही हात वेगवेगळे शिकवत नाही. पहिल्या दिवसापासून दोन्ही एकत्र, मग चार सूरच का असेनात. शाळेतल्या सहकाऱ्यांना हा माझा हट्ट वाटतो. रिकाम्या खोलीत मला दोन्ही हात तेताच्या बाजूने का ऐकू आले, याचा विचार मी करायला लागते आणि सोडून देते.

मेमध्ये शाळेच्या छोट्या कार्यक्रमात, मुलांच्या रांगेत, तेता निळा झगा घालून बसली. तिची पाळी आली. मिनुएट अर्ध्यात अडकला. ती "अरे देवा" म्हणाली, मुलं खिदळली, तिने मागे जाऊन पुन्हा उचलला आणि संपवला. टाळ्या पडल्या. मियो सगळ्यांत जोरात.

बाहेर अंगणात लिंबूपाणी पिताना ती माझ्याजवळ आली.

"बाई, पुढचं काय?"

"तसाच आणखी एक जुना तुकडा आहे, सोपा."

"जुनं नको आता," ती म्हणाली. "एखादी पोल्का द्या. फ्रान्योला नाचता यायचं नाही, पण पोल्कावर पाय आपटायचा. डाव्यात धुमधुम असलेली असू दे, मला तोच हात बरा येतो."

मी पोल्का शोधून दिली. ती अजून शिकते आहे.